केरी ते हर्णै, एका गाडीवर दोघं: खाडीकाठच्या प्रवासाची तयारी

प्रश्न डिचोलीच्या एका जोडप्याचा आहे. गाडी म्हणजे ३५० सीसीची मोटरसायकल, तीन वर्षं जुनी, १४,००० किलोमीटर झालेली, स्पोकची चाकं आणि ट्यूबचे टायर. नवऱ्याचं वजन ७४ किलो, बायकोचं ५८. डिसेंबरात आठ दिवस सुट्टी आहे. केरीहून तेरेखोल ओलांडून समुद्राच्या कडेकडेने मुरुड-जंजिऱ्यापर्यंत जायचं आणि महामार्गाने परत यायचं, असा बेत आहे. दोघं मिळून आजवर सलग दीडशे किलोमीटरच्या वर गेलेली नाहीत. रोज किती अंतर धरावं, सामान किती न्यावं, फेरीबोटीत गाडी घेतात का आणि निघण्यापूर्वी गाडीचं काय करून घ्यावं, हे त्यांना हवं आहे.

आधी बेताबद्दल. आठ दिवसांत मुरुड-जंजिरा गाठून परत येणं दोघांना झेपणार नाही. हर्णै-आंजर्ल्याला वळा. नकाशावरचं अंतर पाहून हे सहज शक्य वाटतं, पण या किनाऱ्यावर अंतर किलोमीटरवर ठरत नाही, खाड्यांवर ठरतं. दर पंधरा-वीस किलोमीटरवर एक खाडी आडवी येते. सड्यावरून, म्हणजे जांभ्याच्या पठारावरून उतरायचं, खाडी ओलांडायची आणि पुन्हा घाटी चढून सड्यावर जायचं. रस्ता बऱ्याच ठिकाणी एका एसटीच्या रुंदीचा. दोन माणसं आणि सामान घेऊन थांब्यांसकट ताशी पंचवीस-तीस किलोमीटर पडले तरी पुष्कळ. म्हणून किनाऱ्याच्या रस्त्यावर दिवसाला शंभर-एकशेवीस किलोमीटर ही वरची मर्यादा समजा आणि एक दिवस पूर्ण मोकळा ठेवा.

पहिल्या दिवशी डिचोलीहून म्हापसा, शिवोली करत केरी. तिथे फेरीबोटीने तेरेखोल, मग रेडी, शिरोडा, वेंगुर्ला आणि मुक्काम परुळे किंवा भोगव्याला. केरीची फेरी बंद असली तर किरणपाणी-आरोंदा पुलावरून जा, दिवस बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी मालवण. भोगव्याहून समोर देवबाग दिसतं, हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ वाटतं, पण मध्ये कर्ली नदीचं मुख आहे आणि गाडी तिथून पलीकडे जात नाही. आत नेरूरपारच्या पुलापर्यंत जाऊन, नदी ओलांडून चौके गावावरून मालवणला यावं लागतं. मालवणहून आचरा, मिठबाव, कुणकेश्वर आणि मुक्काम देवगडला. तिसरा दिवस सगळ्यांत लांब: विजयदुर्ग, मग वाघोटण खाडीचा वळसा, जैतापूर, आडिवरे, पूर्णगड, पावस, रत्नागिरी. सकाळी सातला निघा. एवढं नको असेल तर विजयदुर्ग गाळा, दीड-दोन तास वाचतात. चौथा दिवस आरे-वारे, गणपतीपुळे, जयगडची फेरी आणि गुहागर. पाचव्या दिवशी धोपावे-दाभोळ फेरी, कोळथरे, लाडघर, हर्णै. सहावा दिवस तिथेच थांबा. सातव्या-आठव्या दिवशी दापोली, खेड आणि राष्ट्रीय महामार्ग ६६ धरून परत. खेड ते बांदा सुमारे तीनशे किलोमीटर आहे, तेव्हा मध्ये राजापूर किंवा कणकवलीला रात्र काढा. शेवटच्या दिवशी बांद्याहून दोडामार्गमार्गे थेट डिचोली.

एक नावाचा घोटाळा टाळा. दापोली तालुक्यात हर्णैजवळ एक मुरुड आहे आणि जंजिऱ्याचं मुरुड रायगड जिल्ह्यात. फोनवर नुसतं ‘मुरुड’ टाकून खोली घेतली तर दोन फेऱ्या आणि एका दिवसाचा फरक पडू शकतो.

दिशेचाही विचार करा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो. उत्तरेकडे जाताना तो बहुतेक वेळ पाठीशी राहतो. परतताना तोच दुपारी दोननंतर समोरून उजवीकडून डोळ्यांत येतो, आणि महामार्गावर चौपदरीकरणाचे अर्धवट तुकडे, वळवलेले रस्ते, अचानक संपणारं डांबर हे सगळं त्या उजेडात दिसत नाही. परतीचे दोन्ही दिवस सूर्योदयाला निघून दुपारी दोनच्या आत मुक्काम गाठणं सर्वांत चांगलं. सूर्यास्त सहा ते सव्वासहाच्या दरम्यान होतो. किनाऱ्याच्या रस्त्यावर साडेपाचनंतर गाडी चालवू नका, कारण त्या वेळी गुरं घरी परतत असतात.

आता वजन. दोघं मिळून १३२ किलो. हेल्मेट, जाकिटं, बूट धरून १४२. मालकाच्या पुस्तिकेत गाडीचं कमाल भारासहित वजन दिलेलं असतं, त्यातून इंधनासहित गाडीचं वजन वजा करा. येईल तो आकडा तुमची हद्द. सामान हत्यारं आणि ट्यूबांसकट १८ किलोच्या आत ठेवा. हे जमतं: प्रत्येकी कपड्यांचे तीन जोड, बाकी रोज धुवायचे. डिसेंबरच्या हवेत रात्रीत वाळतात.

सामान कुठे बांधता हे किती नेता यापेक्षा महत्त्वाचं आहे. मागच्या चाकाच्या आसाच्या पाठीमागे जे वजन जातं ते पुढचं चाक उचलायला बघतं. हँडल हलकं लागतं, साठच्या पुढे वेग गेला की डुलायला लागतं, आणि घाटी चढताना वळणावर गाडी बाहेर ढकलली जाते. म्हणून जड वस्तू दोन्ही बाजूंच्या झोळ्यांत, जितक्या खाली आणि जितक्या पुढे जमतील तितक्या. मागच्या कॅरिअरवर फक्त रेनकोट, चपला असं हलकं, पाच किलोच्या वर नाही. दोन्ही झोळ्या काट्यावर तोलून एक किलोच्या फरकात आणा. सायलेन्सरच्या बाजूची झोळी लोखंडी पट्टीवर टेकलेली हवी. रिकाम्या गाडीवर चार बोटं लांब दिसणारी झोळी दोघं बसल्यावर सायलेन्सरला चिकटते आणि वितळते. मागे बसणाऱ्याच्या पाठीवर सॅक अजिबात नको. प्रत्येक खड्ड्यात ते वजन तिच्या मणक्यावर आपटतं आणि तिसऱ्या दिवशी प्रवास तिथेच थांबतो.

मागच्या दोन्ही शॉकअबचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवरचा सुरुवातीचा दाब, वाढवा. हत्यारांच्या पिशवीत आकड्यासारखा पाना असतो, त्याने कॉलर फिरवायची. दोन्ही बाजू एकाच खाचेवर हव्यात. एक खाच जरी पुढेमागे राहिली तरी गाडी एका अंगाला ओढते. खाच किती ठेवायची हे मोजून ठरवा: मेन स्टँडवर मागचं चाक अधांतरी असताना आसापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर घ्या, मग दोघं सामानासकट बसून पुन्हा घ्या. शॉकअबच्या एकूण हालचालीच्या साधारण तिसरा हिस्सा गाडी खाली बसली पाहिजे. त्याहून जास्त बसत असेल तर आणखी एक खाच. मागची बाजू दबली की हेडलाइट वर उचलला जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो, त्यामुळे भार घालूनच दिव्याचा स्क्रू खाली करून घ्या. टायरची हवा स्टिकरवर ‘दोघं’ या रकान्यात लिहिली आहे तेवढी, सकाळी टायर थंड असताना. पंपावरच्या मापकावर विसंबू नका, खिशातला स्वतःचा मापक न्या.

चेनबद्दल एक चूक फार जण करतात. रिकाम्या गाडीवर ताण नेमका लावतात आणि दोघं बसली की चेन तारेसारखी घट्ट होते. कारण पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), स्विंगआर्मची (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याची) खीळ आणि मागचा आस एका रेषेत आले की चेनला सर्वांत जास्त लांबी लागते, आणि भार पडल्यावर स्विंगआर्म त्या रेषेकडेच सरकतो. तशीच चालवली तर पुढच्या स्प्रॉकेटमागचं बेअरिंग आणि ऑइल सील जातं. पुस्तिकेतल्या मापाने ताण लावा आणि मग दोघांना बसवून तिसऱ्याकडून तपासून घ्या. चाक फिरवून सर्वांत घट्ट जागी खालच्या चेनला बोटाने वरखाली करता आलं पाहिजे.

निघण्याच्या पंधरा दिवस आधी गाडी मेकॅनिककडे न्या, आदल्या दिवशी नको. बदललेल्या भागात खोट असेल तर ती दोनशे किलोमीटरमध्ये घराजवळ दिसलेली बरी. तीन वर्षं झाली म्हणजे ब्रेकचं तेल बदलायलाच हवं. ते हवेतली ओल शोषतं, आणि दोघांच्या वजनाने लांब घाटी उतरताना तापलं की वाफ धरतं, लिव्हर नुसता आत जातो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरी मोजा: १२.६ व्होल्ट म्हणजे चांगली, १२.४ च्या खाली असेल तर चार्ज करून पुन्हा मोजा आणि तरीही टिकत नसेल तर बदला. इंजेक्शनच्या गाडीचा इंधनपंप विजेवर चालतो. बॅटरी पूर्ण मेली तर धक्का मारूनही ती सुरू होत नाही. त्याच कारणाने टाकी कधी तळाला नेऊ नका, तो पंप पेट्रोलमध्येच बुडून थंड राहतो. मागच्या चाकाचे स्पोक पान्याने एकेक वाजवून बघा. घट्ट स्पोक टण्ण वाजतो, सैल बद्द. दोघांच्या भाराखाली एक सैल राहिला की शेजारचे दोन तुटतात. क्लच केबल नवी टाका आणि जुनी चालू असेल तर तीच जोडीला न्या. बरोबर पुढची-मागची एकेक ट्यूब, तीन टायर लिव्हर, पॅच, सोल्यूशन, बॅटरीवर चालणारा छोटा पंप, फ्यूज, प्लग, चेनची लॉक कडी, तार, केबल टाय. एवढं पुरतं.

पंक्चर होणारच असं धरून चाला. चिऱ्याच्या, म्हणजे बांधकामाच्या जांभ्या दगडाच्या खाणींचे ट्रक, वईच्या, म्हणजे कुंपणाच्या करवंदीच्या फांद्या आणि जांभ्याच्या कपच्या सगळ्या रस्त्याच्या कडेलाच असतात. सड्यावर दुकान नसतं, पण मागचं चाक काढायची बहुतेक वेळा गरज पडत नाही. सामान उतरवा, गाडी मेन स्टँडवर घ्या. जांभ्याच्या मातीत स्टँड रुततो, म्हणून खाली चपटा दगड द्या. चाक हळूहळू फिरवून खिळा किंवा काटा शोधा आणि तिथे खडूची खूण केल्याशिवाय तो उपटू नका. व्हॉल्व्हमधली कांडी काढून हवा पूर्ण सोडा. खुणेच्या समोरच्या बाजूला गुडघ्याने टायरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरा. हे काम मागे बसणाऱ्याचं. त्या दाबामुळेच खुणेकडे कड सैल होते. आता लिव्हर दोन-दोन इंचांवर लावत एका बाजूची फूटभर कड बाहेर काढा आणि तेवढीच ट्यूब ओढून घ्या. भोक सापडलं की भोवती सँडपेपरने खरवडा, पुसा, पॅचपेक्षा मोठं सोल्यूशन पातळ लावा आणि चार-पाच मिनिटं खरोखर थांबा. ओल्यावर लावलेला पॅच तासाभरात सुटतो. लिव्हरची मूठ दाबून पॅच फिरवून बसवा. मग टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. करवंदीच्या काट्याचं टोक बोटाला लागत नाही, कापसाला अडकतं, आणि ते राहिलं तर दहा किलोमीटरवर तीच जागा पुन्हा जाते. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून आत सारा, कड शेवटच्या सहा इंचांना लिव्हरने नको, शक्यतो तळहाताने चढवा. लिव्हरने ट्यूब चिमटली तर नवं भोक पडतं. पूर्ण हवा भरल्यावर टायरच्या बाजूवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का ते बघा.

फेरीबोटीत गाडी घेतात. जयगड-तवसाळ शास्त्री नदीच्या मुखावर, धोपावे-दाभोळ वाशिष्ठीच्या. पुढे कधी गेलात तर वेसवी-बागमांडला आणि आगरदांडा-दिघी. या खाड्यांवर पुलांची कामं निघालेली आहेत, तेव्हा कुठली फेरी चालू आहे आणि शेवटची केव्हा सुटते हे आदल्या रात्री मुक्कामाच्या घरी विचारा. नकाशाच्या ॲपवर भरवसा ठेवू नका. गावाची तर, म्हणजे माणसं नेणारी होडी, त्याला फेरी दिसते आणि ते तुम्हाला गाडीसकट एका पाखाडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेच्या टोकाशी नेऊन सोडतं.

गोव्यात फेरीबोटीची सवय असली तरी उत्तरेला भरती-ओहोटीतला फरक वाढत जातो हे ध्यानात घ्या. आपल्याकडे उधाणालाही पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, मुंबईकडे ते चार-पाच मीटरपर्यंत जातं. दाभोळ यांच्या मधलं. म्हणून तिथे ओहोटीला धक्क्याचा खालचा, शेवाळाचा भाग उघडा पडतो आणि उतार वाढतो. वेळ काढायला कोळ्यांचा जुना हिशेब उपयोगी आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती आणि नऊच्या सुमाराला ओहोटी. पूर्ण ओहोटीच्या आगेमागे एक तास सोडून धक्क्यावर पोचा.

बोटीवर चढताना मागचं माणूस उतरून चालत आत जाईल, हा नियम कधी मोडू नका. चालवणाऱ्याने पहिल्या गिअरमध्ये, क्लच पूर्ण सोडून, पुढच्या ब्रेकला हात न लावता सरळ वर जायचं. ओल्या लोखंडी पत्र्यावर पुढचा ब्रेक म्हणजे पडणंच. रॅम्पच्या आणि धक्क्याच्या सांध्यावर चाक काटकोनात न्या. आत गाडी पहिल्या गिअरमध्ये, साइड स्टँडवर, पुढचा ब्रेक लिव्हर रबरी पट्ट्याने आवळून उभी करा आणि एकाने शेजारी उभं राहा. उतरताना मोटारी आधी जाऊ द्या.

मागे बसणाऱ्याच्या सोयीवर हा प्रवास तगतो. दर पन्नास मिनिटांनी थांबा, थकवा आला म्हणून नाही, येऊ नये म्हणून. गाडीवरून उतरून शंभर पावलं चाला. घाटी उतरताना मागचं माणूस पुढे घसरतं आणि पुढच्याला टाकीवर दाबतं, त्याचा भार हँडलवर येतो आणि वळणावर हात जड होतात. उपाय साधा आहे: उतारावर तिने एक तळहात टाकीवर टेकवायचा आणि चालवणाऱ्याने गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवायची. ब्रेक लावताना मागचा ब्रेक किंचित आधी दाबा, म्हणजे गाडी आधी बसते आणि हेल्मेटवर हेल्मेट आपटत नाही. खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांबा. कारण विचारायचं नाही, आधी थांबायचं. ओढणी, पदर, लोंबता पट्टा यांतलं काहीही नको. चेनमध्ये किंवा स्पोकमध्ये गेलं की माणूस खेचलं जातं, सोडवायला वेळ मिळत नाही. हेल्मेट दोघांनाही आयएसआयचंच. आणि वहिनींना गाडी येत असेल तर सकाळी सड्यावरच्या सरळ, मोकळ्या रस्त्यावर सामान उतरवून अर्धा तास चालवू द्या. एक बोट दुखावलं तरी दुसऱ्याला गाडी पुढच्या गावापर्यंत नेता आली पाहिजे.

रस्त्यावर तीन गोष्टी घात करतात. आंधळ्या वळणावर एसटी पूर्ण रस्ता घेऊन येते, तेव्हा हॉर्न द्या आणि डावीकडे वेगासकट नाही, वेग कमी करून जा. चिऱ्याच्या ट्रकांनी सांडलेली लाल भुकटी वळणाच्या बाहेरच्या बाजूला साठते. आरे-वारेसारख्या ठिकाणी वाऱ्याने वाळू डांबरावर येते. तिन्हींचा उपाय एकच: वळणाआधी वेग कमी, वळणात ब्रेक नाही. वाळूवर, पुळणीवर गाडी नेऊ नका. गोव्यात ते बेकायदेशीर आहेच, शिवाय खारं पाणी बेअरिंगमध्ये जातं.

रोज संध्याकाळी दोन बादल्या गोड पाणी मगाने गाडीवर ओता. प्रेशरच्या नळीने नको, ती मीठ सीलच्या आत ढकलते. मग चेन फडक्याने पुसा, चाक फिरवत आतल्या बाजूने ९० नंबरचं गिअर ऑइल थेंबथेंब सोडा, दहा मिनिटांनी वरचं पुसून घ्या. रात्रभर मुरतं, सकाळी उडत नाही.

पेट्रोल तालुक्याच्या गावी, टाकी अर्धी झाली की भरा: वेंगुर्ला, मालवण, देवगड, रत्नागिरी, गुहागर, दापोली. निघताना गोव्यातच पूर्ण भरा, इथे स्वस्त आहे. गोव्यातली दारू सामानात नको, सीमेवर तपासणी होते आणि परवान्याशिवाय ती महाराष्ट्रात नेता येत नाही. सड्याखाली खाडीत नेटवर्क जातं, तेव्हा दोघांची सिम वेगळ्या कंपन्यांची ठेवा आणि तीन-चार हजार रुपये रोख. रुग्णवाहिका १०८, तातडीला ११२. रात्रीचं जेवण घरगुती मुक्कामी दुपारच्या आत फोन करून सांगावं लागतं, नाहीतर मासळी आणलेली नसते आणि आठनंतर चूल विझलेली असते.

परत आल्यावर आठवडाभराच्या आत चाकांची बेअरिंग हलवून बघा, ब्रेकच्या खिळा काढून साफ करून ग्रीस लावा, बॅटरीच्या टोकांवरची हिरवी बुरशी घासून व्हॅसलीन लावा. प्रीलोड आणि टायरची हवा एकट्याच्या मापावर खाली आणा आणि हेडलाइटचा स्क्रू पुन्हा जागेवर न्या.